आताबघा गुरुजी

सिनेमा बघणाऱ्यांच्या तऱ्हा पुष्कळ. खुर्चीचे दोन्ही हात आपल्याच वडिलांनी घेऊन दिलेत अशा थाटात कोपरं पसरणारे, फोन उचलून ‘हां, पिक्चरला आलोय, तू बोल’ म्हणणारे, मध्यंतरात वडापाव आणायला गेले ते शेवटालाच उगवणारे. या सगळ्यांच्या वरच्या पायरीवर ‘आताबघा’ बसलेला असतो. सिनेमा त्यानं आधी पाहिलेला असतो, तोही पाठ होईपर्यंत, आणि पुढं काय होणार हे पोटात ठेवणं त्याच्या प्रकृतीला झेपत नाही. म्हणून तो दर दोन मिनिटांनी तुमच्या बरगडीत कोपर मारतो आणि म्हणतो, ‘आता बघा!’

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हे पीक चांगलं येतं. तमाशात मावशी पदर सावरायला लागली की तिनं तोंड उघडायच्या आत हसून मोकळे होणारे इथलेच, आणि कीर्तनात बुवांचा दृष्टान्त बुवांच्या एक शब्द पुढं राहून पुटपुटणारेही इथलेच. पण अस्सल वाण बघायचं असेल तर आमचे गुरुजी बघावेत.

मंचर सोडून नारायणगावच्या दिशेनं निघालं की महामार्गाच्या आसपास जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात ते राहतात. इतिहास शिकवून निवृत्त झाले. खरं नाव पेन्शनच्या कागदावर आणि भावकीच्या लग्नपत्रिकांत. एरवी सगळं गाव ‘आताबघा गुरुजी’ म्हणतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. बाकीच्या आताबघांना कुठलाही सिनेमा चालतो. गुरुजींचा विषय एकच, छोटे विनोदी मूकपट. म्हणजे ज्यात कुणीतरी पळतं, कुणीतरी पाठलाग करतं, आणि वीस मिनिटं संपेपर्यंत दोघंही दहा वेळा आडवे झालेले असतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. या लेखात गुरुजी स्वतः पडणार आहेत. कुठं आणि कसे ते वेळ आल्यावर. आधी सांगितल्यानं मजा जाते असं मानणाऱ्या लोकांशी गुरुजींचं जुनं वैर आहे. निदान त्यांच्यावरच्या लेखात तरी त्यांच्या पंथाचा मान राखावा.

त्यांना भेटायचं तर एसटी स्टँडवर जावं. बाकावर बसलेले असतात, हातात फोन, फोनमध्ये चार्ली. शेजारी बेल्ह्याच्या बाजाराला निघालेला कुणी अनोळखी माणूस बसला की गुरुजी फोन दोघांच्या मध्ये धरतात. ‘पाहुणे, कुठले आपण? बरं बरं. हे बघा. हा वेटर आहे हॉटेलात. दुपारच्या सुट्टीत चाकाचे बूट घालून घसरायला जातो. तो जाडा दिसतो ना? आता बघा!’ पाहुणा आधी संकोचानं बघतो, मग मान पुढं काढून बघतो, मग स्वतःच फोन धरतो. पाहुण्याची एसटी लागते, कंडक्टर घंटी मारतो, गाडी निघून जाते. गुरुजींना कुठं जायचंच नसतं, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही.

गुरुजींचं म्हणणं असं, की सिनेमातला पहिला विनोदच मुळात ‘आता बघा’ म्हणत जन्माला आला. २८ डिसेंबर १८९५ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रं दाखवली, त्यांत एक माळ्याचं होतं. माळी पाइपानं बागेला पाणी घालतोय. मागून एक पोरगं येतं आणि पाइपावर पाय देतं. पाणी बंद. माळी पाइपाचं तोंड डोळ्यापाशी नेऊन आत बघतो. पोरगं पाय उचलतं. पुढचं आंबेगाव तालुक्यात सांगायची गरज नाही. डिंभ्याचं पाणी कालव्यानं शेतात आल्यापासून इथल्या पोरांनी हा प्रयोग आपापल्या चुलत्यांवर करून मार खाल्लेला आहे. त्या फिल्ममधलं पोरगंही शेवटी मारच खातं.

मिनिटभरसुद्धा न चालणारी फिल्म, पण गुरुजी तिच्यावर अख्खा तास घेतात. ‘पोराचा पाय आपल्याला आधी दिसतो का नाही? दिसतो. माळ्याला दिसतो का? नाही. ल्युमिएरला आपल्याला फसवायचं असतं तर त्यानं पोरगं झुडपामागं दडवलं असतं. दडवलं का? नाही! म्हणजे तो कॅमेराच आपल्याला काय म्हणतोय?’ इथं वर्ग एका सुरात उत्तर देतो. वर्ग म्हणजे पारावर बसलेली चार म्हातारी माणसं आणि त्यांच्यापायी अडकलेलं एक टपालखातं.

हे मला पटतं, असं गुरुजींना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते घरी येतील. पण पटतं. बोलण्यातली कोटी आधी कळली की तिच्यात जीव राहत नाही. पडण्याचं तसं नाही. माणूस ऐटीत चाललाय, केळ्याची साल पुढं पडलीय, आपल्याला दिसतेय, त्याला दिसत नाही. मजा त्या चार पावलांत असते. साल नंतर कळली तर तो अपघात. शंभर वर्षांनी, दहाव्यांदा बघतानाही चार्ली हसवतो तो याच बळावर. माहीत असलेलं पुन्हा बघायला आपण बसलेलो असतो, आणि त्यात लपवलेलं असं काही नसतंच जे संपून जाईल.

पडणं या विषयावर गुरुजींइतका अभ्यास असलेला माणूस दोन तालुक्यांत नसेल. बैलगाडा शर्यतीला ते हटकून जातात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या आणि २०२१च्या डिसेंबरात पुन्हा वाट मोकळी झाली. मधली वर्षं गाडामालकांना जशी उपासाची गेली तशीच गुरुजींनाही, कारण मात्र वेगळं. बैल कुणाचे, बारी किती सेकंदांत बसली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. ते घाटाकडं पाठ करून कडेची माणसं बघतात. ‘भिर्रर्र’ झालं की एकाच वेळी शेकडो माणसं टाचा उंचावतात, बांधावर चढतात, बांधावरून उतरतात, गळ्यात पडतात. गुरुजी त्यातून एक बोट काढून दाखवतात. ‘तो पिवळा शर्ट. आता बघा.’ आणि पिवळा शर्ट दिसेनासा होतो. हा माणूस बैलांचा निकाल असा सांगेल तर काय होईल, या विचारानं एका गाडामालकानं त्यांना दोन वर्षं चहा पाजला. बैलांतलं त्यांना काहीही कळत नाही हे समजल्यावर चहा थांबला.

त्यांचा एक नियम मात्र कडक आहे. पडलेला माणूस उठून आपली टोपी शोधेपर्यंत हसायचं नाही. टोपी शोधायला लागला म्हणजे त्याला लागलेलं नाही. मग हसायला परवानगी. टोपी शोधत नसेल तर आधी धावायचं. या नियमामुळं त्यांच्या आवडत्या माणसांचा विषय निघाला की ते जरा गंभीर होतात. हॅरल्ड लॉइड १९२३च्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये उंच इमारतीच्या घड्याळाला लोंबकळतो, ते चित्र जगभर गेलं. त्याच्या चार वर्षं आधी खेळण्यातला समजून हातात घेतलेला बाँब फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. हातमोजा चढवून तो ते लपवायचा. बस्टर कीटनची मान १९२४च्या ‘शेरलॉक ज्युनियर’च्या वेळी पाण्याच्या लोटाखाली मोडली आणि ती मोडली होती हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळलं. ‘या लोकांनी टोपी आधी शोधली,’ गुरुजी म्हणतात, ‘आणि लागलेलं नंतर बघितलं.’ मग ते नारायणगावच्या दिशेला हात जोडतात. विठाबाई नारायणगावकर तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट या भागात घरोघर सांगतात. गुरुजींच्या हिशेबी ही सगळी एकाच घराण्याची माणसं.

घराण्याचं हे नातं ते चार्लीपर्यंत ओढतात. गुरुजींचं बालपण जत्रांतल्या तंबूंत आणि कनातींत गेलं. चैत्रातल्या जत्रांसाठी गावोगावचे कारभारी नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी द्यायला जातात, तसे गुरुजींचे वडीलही जायचे आणि यांना बरोबर न्यायचे. तमाशात गण-गवळण उरकली की बतावणीला सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येतात. सरदार सरळ विचारतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो, आणि सरदाराचा तोरा उतरतो. ‘आता चार्ली काढा,’ गुरुजी म्हणतात. १९१६-१७मध्ये चार्लीनं म्युच्युअल कंपनीसाठी बारा छोट्या फिल्म्स केल्या. त्यांतल्या बहुतेक सगळ्यांत समोर एरिक कँबेल उभा असतो, चार्लीच्या दुप्पट, भुवया रंगवून वर चढवलेल्या. हा सरदार. ‘ईझी स्ट्रीट’मध्ये हा दांडगा ताकद दाखवायला रस्त्यावरचा गॅसचा दिवा खांबासकट वाकवतो. चार्ली त्याच दिव्यात त्याचं डोकं कोंबून गॅस सोडतो. सोंगाड्या सरदाराला त्याच्याच शब्दांत अडकवतो, हा त्याच्याच दिव्यात अडकवतो, एवढाच फरक. कँबेल १९१७च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला. त्यानंतर चार्लीला तसा सरदार मिळाला नाही, असं गुरुजींचं मत आहे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसा होतो.

कधी कधी ते जास्तच ओढतात. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला गिरगावात कॉरोनेशनला लागला तेव्हा चार्ली कॅमेऱ्यापुढं उभाही राहिला नव्हता. त्याची पहिली फिल्म फेब्रुवारी १९१४ची. दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’च्या जोडीला ‘पीठाचे पंजे’ ही छोटी विनोदी फिल्म दाखवली होती, हेही खरं. पण यावरून गुरुजी थेट निष्कर्ष काढतात, की देव दाखवल्यावर जरा हसवावं लागतं हे त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाला आधी कळलं आणि हॉलिवूडला नंतर. मॅक सेनेटची कीस्टोन कंपनी १९१२पासून अमेरिकेत माणसं पाडत होती, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण आताबघा माणूस फक्त पुढचं सांगतो. मागचं अडचणीचं असेल तर ते त्याला आठवत नाही.

आता कार्यक्रमाकडं वळतो. गणपतीत एका संध्याकाळी शाळेच्या पटांगणात दोन बांबू रोवून चादर बांधतात. बांबूंना दोराचे ताण देतात, दोर खुंट्यांना बांधतात. (या दोरांकडं लक्ष असू द्या.) मंडळाचा प्रोजेक्टर, गुरुजींचा पेन ड्राइव्ह. पडद्याच्या पुढं मानाची माणसं बसतात. मागं पोरं आणि धारा-भाकरी उरकून उशिरा येणाऱ्या बायका. मागून चित्र उलटं दिसतं. बोलपट असा बघितला तर निदान नावं तरी वाचता येत नाहीत. इथं काहीच बिघडत नाही. चार्ली व्हायोलिन डावखुरा वाजवायचा, तो मागच्यांना उजव्या हातानं वाजवताना दिसतो, एवढंच. मधल्या इंग्रजी पाट्या मागच्यांना उलट्या दिसल्यानं कळत नाहीत आणि पुढच्यांना सुलट्या दिसूनही कळत नाहीत.

पाट्या गुरुजी वाचतात. यात ते काही नवीन करत नाहीत. मूकपटाच्या काळी आपल्याकडं थिएटरात पेटी-तबलेवाले बसायचे आणि न वाचता येणाऱ्यांसाठी पाट्या मोठ्यानं म्हणणारा माणूसही असायचा. जपानात तर अशा माणसाला ‘बेन्शी’ म्हणत आणि नामांकित बेन्शीच्या नावावर तिकिटं खपत. गुरुजी त्या गादीचे वारस. फक्त पाटीवर दोन शब्द असले तर ते चार वाक्यं वाचतात, आणि त्यात कारखान्यानं थकवलेल्या उसाच्या बिलाचाही उल्लेख येतो.

दरवर्षी एखादं पोरगं विचारतंच, ‘गुरुजी, तेव्हाची माणसं अशीच तुरुतुरु चालायची का?’ मग फिल्म थांबते. तेव्हाचा कॅमेरा हातानं फिरवायचा, सेकंदाला साधारण सोळा चित्रं. बोलपट आल्यावर यंत्राचा वेग चोवीस ठरला. सोळांचं चोवीसवर पळवलं की माणसं पळणारच. शिवाय विनोदी फिल्म काढणारे मुद्दाम हात सावकाश फिरवायचे, म्हणजे पडद्यावर पळापळ जास्त. हे ऐकून पोरं पटांगणभर तुरुतुरु पळू लागतात आणि कार्यक्रम पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. कार्यक्रम नऊच्या आत संपवावा लागतो. परतीची वाट उसातून आहे आणि उसात बिबट्या आहे. तो इथं विनोदाचा विषय नाही. त्या वाटेवर ‘आता बघा’ म्हणायला गावानं गुरुजींना बंदी केली आहे. एवढी एकच बंदी ते पाळतात.

शेवटची फिल्म ठरलेली, बस्टर कीटनची १९२०ची ‘वन वीक’. नवरा-बायकोला लग्नात पेट्यांतून आलेलं घर मिळतं. आकडे बघून जोडायचं. एक जळकुटा माणूस पेट्यांवरचे आकडे बदलतो. घर वेडंवाकडं उभं राहतं, वादळात स्वतःभोवती फिरतं, आणि शेवटी कळतं की ते दुसऱ्याच्याच जागेवर बांधलंय. हलवताना ते रुळांवर अडकतं. लांबून आगगाडी येते. दोघं डोळे झाकतात.

इथं गुरुजी वर्षातून एकदाच खोटं बोलतात. ‘आता बघा! गेलं घर!’ गाडी येते आणि शेजारच्या रुळांवरून निघून जाते. घर जागेवर. सगळं पटांगण ओरडतं, ‘गुरुजी चुकले!’ गुरुजी मान खाली घालतात. दोघं नवरा-बायको सुटकेचा श्वास टाकतात, आणि उलट्या बाजूनं दुसरी गाडी येऊन घराच्या चिंध्या करते. गेली कित्येक वर्षं लोक ही फिल्म बघतात, दुसरी गाडी सगळ्यांना पाठ आहे, तरी ‘गुरुजी चुकले’ची आरोळी दरसाल वाढतेच आहे.

गेल्या खेपेला पहिली गाडी गेली, आरोळी झाली आणि गुरुजी खालमानेनं लोकांच्या दिशेनं चालत आले. समोर बांबूचा दोर ताणलेला, घोट्याएवढ्या उंचीवर. सगळ्यांना दिसत होता. कुणी बोललं नाही. ज्या गावाला गुरुजींनी शिकवलं त्या गावानं मध्ये बोलावं कसं? गुरुजींचं पाऊल उचललं, दोराच्या वरून गेलं, दुसरंही गेलं. पटांगणानं श्वास सोडला. तो कीटनच्या घरासाठी आहे असं समजून गुरुजी खूश झाले. पुढच्या रांगेत त्यांच्या मंडळी बसल्या होत्या. त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘आता बघ हं.’

दुसऱ्या गाडीची वेळ झाली. पडदा सगळ्यांना दिसावा म्हणून गुरुजी लोकांकडं तोंड ठेवून, हात वर करून, उलट्या पावलांनी मागं निघाले. टाच दोरात गेली. गुरुजी पडद्यावर, पडदा बांबूसकट गुरुजींवर. प्रोजेक्टरला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं दुसरी गाडी वेळेवर सोडली, आणि ती चादरीत गुंडाळलेल्या गुरुजींच्या पोटावरून धडधडत गेली. चादरीच्या आतून आवाज आला, ‘आता बघा!’

कुणी हसलं नाही. नियम तो नियम. चादर हलली, एक हात बाहेर आला, जमिनीवर चाचपडला, टोपी सापडली, टोपी आत गेली. मग टोपी घातलेले गुरुजी बाहेर आले, चेहरा कीटनसारखा कोरा. त्यानंतर जे झालं ते कळंबपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी एका पोरानं त्याची रील टाकली. गुरुजींनी ती बघितली आणि त्या पोराला घरी बोलावलं. आता कानउघाडणी होणार म्हणून पोरगं आईला घेऊन गेलं. गुरुजी चिडलेले होतेच, पण त्यांची तक्रार निराळी होती. ‘यात मी दोर ओलांडताना कुठंय? ते कापलंस? अरे, नुसतं पडणं काय दाखवतोस, ते कुणीही पडतं! दोर दिसला पाहिजे, मी वाचलो पाहिजे, मग पडलो पाहिजे.’ पोराला शेजारी बसवून त्यांनी रील पुन्हा जोडून घेतली, पहिल्या पावलापासून. लांबी दुप्पट झाली. तालुक्यात जी फिरली ती हीच दुसरी.

यंदाही कार्यक्रम आहे. तिकीट नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतात, त्यामुळे या फिल्म्स आता चार्लीइतक्याच तुमच्याही आहेत. आलात तर पडद्याच्या मागं बसा. चित्र उलटं दिसेल, पण गुरुजी पुढच्या बाजूला असतात. बॅटरी मात्र बरोबर आणा आणि परतताना घोळक्यानंच निघा.